जावयाची रायफल खोलली, चुकलं का माझं?

जुना आर्मरर
नमस्कार मंडळी. एरवी मी अभंगांच्या नि पोह्यांच्या धाग्यांवर डोकावून जाणारा माणूस. आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतोय. विषय जरा वेगळा आहे आणि घरातला आहे.

मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, आर्मरर होतो, हत्यारं दुरुस्त करणारा. सव्वीस वर्षं नोकरी, शेवटची काही महूला. थ्री-नॉट-थ्रीपासून इन्सासपर्यंत सगळं या हातांखालून गेलंय. आता इंदूरला, रामबागेत. उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे ओहायोला गेलो होतो. जावयाला नेमबाजीचा नाद. त्याच्याकडे एम-वन-ए आहे, म्हणजे अमेरिकन फौजेच्या एम-चौदाचं नागरी भावंड. चाप ओढला की एकच गोळी, पुढची आपोआप चढते. अक्रोडाचा दस्ता, आणि रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा सांगाडा, त्या दस्त्यात ग्लास बेडिंग करून, म्हणजे त्याच्या मापाच्या साच्यात, बसवलेला.

जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही बघा निवांत." 'बघा' म्हणाला होता, 'खोला' म्हणाला नव्हता, हे आता लक्षात येतंय.

तो आठवडाभर कामावर, मी घरी रिकामा. मॅगझिन काढलं, चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी नि बोटाने तपासलं, आणि रायफल खोलली. ट्रिगर गार्ड मागून सोडवला, ट्रिगर ग्रुप खाली ओढला, दस्ता वेगळा. निघायला घट्ट होता, तळहाताने दोन थापा माराव्या लागल्या. बेडिंगमध्ये काळपट मळ होता. नातवाचा जुना फ्लॅनेलचा पायजमा होता, त्याच्या चिंद्या केल्या, सॉल्व्हंटमध्ये भिजवून सगळं लख्ख पुसलं. गॅस पिस्टन काढून तेल दिलं. बोल्टला तेल, स्प्रिंगला तेल, सगळीकडे तेल. मन भरलं नाही म्हणून दोन दिवसांनी पुन्हा खोलली. तिसऱ्यांदा खोलली ती आमच्या महूच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायला.

शनिवारी जावई रेंजवर गेला. पूर्वी शंभर यार्डांवर दहा गोळ्या सव्वा इंचात बसायच्या. त्या दिवशी तीन इंच, आणि ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, उभा पसरलेला. घरी येऊन काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, ती बेडेड आहे."

मी परत येऊन महिना झाला. फोन येतो तो थेट आमच्या सौभाग्यवतींना. मला फक्त "बाबांना नमस्कार सांगा".

प्रश्न असा, की हत्यार खोलून साफ करण्यात गैर काय? फौजेत रोज सफाई परेड व्हायची, कधी काही बिघडलं नाही. आणि खोलायचं नसेल तर असली रायफल साफ करायची, तेल द्यायचं, ते कसं?

छप्पन दुकानी
काका, अधिक महिन्यात तेहतीस अनारसे पाठवा. बाकी सगळं माफ होईल.

खवचट काकू
तेहतीस कमी पडतील. तीन वेळा खोललीये, नव्याण्णव पाठवा.

तोफखाना
गैर काहीच नाही. हत्यार आहे की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण? जे खोलून साफ करता येत नाही ते हत्यारच नाही. मीही फौजेतलाच. जावयाचा नेम चुकला आणि सासऱ्याच्या माथी मारतोय, एवढंच.

ग्वाल्हेरी ठसका
बाळकृष्णाचं माहीत नाही, पण महूतच आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे ना? लंडनला २०१२ मध्ये रौप्य मिळवणारा विजय कुमार तिथलाच. काका, तिथे कोणी सांगितलं नाही का, मॅचची हत्यारं कशी हाताळतात ते?

जुना आर्मरर
ते वेगळं जग हो. त्यांची कोत, म्हणजे हत्यारांची खोली, वेगळी, त्यांचे आर्मरर वेगळे. आम्ही बटालियनची हत्यारं सांभाळणारे. आमच्याकडे रायफल चालली पाहिजे, चिखलात पडली तरी. इंचाचा हिशोब आम्हाला कुणी विचारला नाही.

एरीकाठी
काका, मी क्लीव्हलंडजवळ राहतो, मूळचा देवासचा. पंधरा वर्षं सर्व्हिस रायफलच्या, म्हणजे फौजी धाटणीच्या रायफलींच्या, मॅच खेळतोय. कॅम्प पेरी माझ्या घरापासून दीड तास, एरी सरोवराच्या अगदी काठावर. १९०७ पासून तिथे नेमबाजीचे राष्ट्रीय सामने भरतात. माझ्याकडे एक गॅरांड आहे, एम-चौदाच्या आधीची अमेरिकन फौजेची रायफल, आणि तुमच्या जावयासारखीच बेड केलेली एम-वन-ए. तेव्हा थोडं लांबून सांगतो.

तुमची चूक हाताची नाही, सवयीची आहे. सवय लागली ती एसएलआरवर, आपल्या फौजेच्या इन्सासआधीच्या रायफलीवर. एसएलआर आठवा. मागची कळ दाबली की बंदूक मधोमध मोडते, बोल्ट मागून काढायचा, नळीत मागूनच पुल-थ्रू, म्हणजे चिंदी बांधलेली दोरी, घालायचा. तिथे नळी धातूच्या बॉडीत घट्ट बसवलेली आणि लाकूड फक्त धरायला. लाकूड हललं काय, फुगलं काय, नेमाला मोठा फरक नाही. म्हणून दिवसातून दहा वेळा खोला.

एम-चौदाचं तसं नाही. ती १९५७ ची, गॅरांडची लेक. तिचा रिसीव्हर आणि नळी लाकडाच्या दस्त्यात बसतात आणि ट्रिगर गार्ड खालून त्यांना दस्त्यात आवळून धरतो. म्हणजे गोळी सुटताना सगळं धूड कसं थरथरणार, ते लाकूड ठरवतं. आणि लाकूड म्हणजे पावसात एक नि उन्हात एक. म्हणून रिसीव्हरच्या खाली, त्याच्या पायांभोवती, एपॉक्सी ओतून अगदी त्याच्याच मापाचा साचा करतात. पूर्वी त्या एपॉक्सीत काचतंतू असायचे, म्हणून ग्लास बेडिंग हे नाव. शिवाय पुढच्या टोकाला दस्ता नळीला किंचित खाली ओढून धरतो, तो ताणही मोजूनमापून दिलेला असतो.

आता तुम्ही थापा मारून रिसीव्हर उपसला की दरवेळी त्या साच्याची कड किंचित खरवडली जाते. एकदा केलं तर कळणारही नाही. आठवड्यात तीनदा, वर्षभर, म्हणजे साचा सैल. आमच्याकडचे बहुतेक लोक हंगामात एकदा, फार तर दोनदा दस्ता काढतात. काही तर बेडिंग पुन्हा करेपर्यंत काढतच नाहीत. काढतानाही आधी मागून हिसडा मग पुढून, असं नाही. दोन्ही टोकांनी सरळ वर.

साफसफाईचं संध्याकाळी लिहितो, आता ऑफिस.

बडोद्याचा बंडू
म्हणजे एम-सील!! आमच्या टाकीचं गळणं त्यानेच थांबलंय.

एरीकाठी
हसू नका, कूळ एकच आहे. इथे बरेच कारागीर मरीन-टेक्स वापरतात, ते मुळात बोटींच्या डागडुजीचं एपॉक्सी. फरक इतकाच, की टाकीला नुसतं थापायचं असतं आणि इथे साचा इतका अचूक लागतो की रिसीव्हरवर काजळी धरून बसवला तर ठसा सगळीकडे सारखा उमटला पाहिजे.

तोफखाना
एक शंका. खोलायचंच नाही म्हणता, आणि पाऊस लागला तर? आत पाणी साचून रिसीव्हरला गंज लागला की मग तुमचा साचा चाटायचा का?

एरीकाठी
रास्त प्रश्न आहे. पावसात भिजली तर खोलायचीच, तिथे कंजुषी नाही. कॅम्प पेरीला सरोवरावरून आडवा पाऊस येतो, आम्ही सगळे त्या रात्री खोलतो. पाणी टिपायचं, लाकूड सावलीत वाळू द्यायचं, रिसीव्हरच्या लाकडाखालच्या भागावर मेणाचा नाहीतर ग्रीसचा अगदी पुसट हात. पण 'रविवार आहे म्हणून' खोलायची नाही.

तोफखाना
हे पटलं. बाळकृष्ण मागे घेतो. जावयाचं मात्र मागे घेत नाही.

नेमबाजाची आई
माझी मुलगी इंदूरला एअर रायफल करते, दहा मीटर. आमच्या खरगोनचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हांगझोउच्या एशियाडमध्ये टीमचं सुवर्ण घेऊन आला तेव्हापासून हिच्या डोक्यात हेच. पहिल्या वर्षी मीही उत्साहात शिवणयंत्राचं तेल नळीत सोडलं होतं. कोचने हात जोडले. त्यांच्याकडे फेल्टच्या छोट्या गोळ्या मिळतात, त्या पेलेटसारख्या नळीतून सोडायच्या, संपलं काम. तेलाचं नाव काढायचं नाही.

काका, तुमचं दुःख समजतं. घरातली वस्तू चकचकीत दिसली नाही की आपल्याला चैन पडत नाही.

प्रश्नचिन्ह
अशी रायफल आपल्याकडे मिळते का? लायसन्स काढलं तर?

ग्वाल्हेरी ठसका
विसरा. ७.६२ हा सर्व्हिस बोअर, वर सेमी-ऑटोमॅटिक. साध्या माणसाच्या लायसन्सवर ते येत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे, एकदा चाळून बघा. आमच्या चंबळात खांद्यावर बंदूक म्हणजे मूंछ का सवाल, पण तीही बारा बोअरची दुनाळी. लग्नात मिरवतात, साफ कधीच करत नाहीत. तिथे काकांची गरज आहे.

एरीकाठी
हं, आता साफसफाई.

पहिलं, नळी. गॅरांड असो वा एम-चौदा, रिसीव्हर मागून बंद असल्यामुळे रॉड मागून जात नाही. पुढून, मझलमधूनच, म्हणजे नळीच्या तोंडातूनच, घालावा लागतो. आणि गोळी नळी सोडताना शेवटची ज्याला शिवते ती मझलची कड, क्राउन. रॉड तिथे घासत राहिला की कड एका बाजूने झिजते आणि नेम बिघडतो. म्हणून मझलवर गाइड बसवायचा, पितळेची किंवा प्लास्टिकची टोपी, मधे भोक. रॉड त्या भोकातूनच आत-बाहेर. रॉड अखंड हवा, तीन तुकडे जोडलेला नको. आणि काका, पुल-थ्रू इथे अजिबात नको. दोरी तिरकी ओढली की तीही त्या कडेवर घासते.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: रायफल उलटी ठेवायची. साइट खाली, मॅगझिनची बाजू वर. का? गॅसचं भोक नळीच्या खालच्या अंगाला असतं. रायफल सुलटी ठेवून नळीत सॉल्व्हंट सोडला की तो त्या भोकातून गॅस सिलेंडरमध्ये उतरतो, नि चेंबरमधून ओघळून थेट बेडिंगमध्ये. उलटी ठेवली की भोक वर राहतं आणि ओघळ आला तरी तो साच्यापासून दूर जातो. मझल जरा खाली झुकती ठेवायची, चेंबरमध्ये एक जाडसर कापड कोंबायचं. ब्रश कधी सॉल्व्हंटच्या बाटलीत बुचकळायचा नाही, ड्रॉपरने चार थेंब पुरे.

चेंबरला वेगळा आखूड ब्रश येतो. तो बोल्ट मागे अडकवून वरच्या बाजूने घालायचा, चार-पाच वेळा फिरवायचा नि पुसून घ्यायचा. गॅस पिस्टनवर काका चुकले, तिथे तेल द्यायचंच नाही. तिथे पेटलेल्या दारूचा गॅस येतो, तेल जळून कोळशाची खपली धरते. पिस्टन कोरडा. तपासायची युक्ती सोपी: ऑप रॉड, म्हणजे बोल्टला मागे-पुढे नेणारा दांडा, मागे धरून रायफल पुढे-मागे कलती करायची, आत पिस्टन सरकल्याचा 'टिक' ऐकू आला की समजा मोकळा आहे. टिक येत असेल तर उघडायचंसुद्धा कारण नाही. उघडलाच तर बंद करताना गॅस प्लग पक्का आवळला पाहिजे.

तिसरं, वंगण. घासून सरकतं तिथे ग्रीस, गोल फिरतं तिथे तेलाचा थेंब. फायरिंग पिनची वाट, बोल्टचं तोंड आणि मॅगझिन कोरडं. ग्रीस कुठे? बोल्टचे दोन्ही लॉकिंग लग (बोल्ट जागी अडकवणारे कान), बोल्टच्या पोटाखाली जिथे हॅमर घासतो ती जागा, ऑप रॉड ज्या खाचेतून धावतो ती खाच, आणि बोल्टचा रोलर. हा रोलर एम-चौदाचं वैशिष्ट्य. गॅरांडमध्ये तिथे नुसता घासणारा खुंटा होता, हिच्यात फिरणारी चकती घातली. त्यात ग्रीस भरायचं वेगळं छोटं हत्यार मिळतं. हे सगळं रिसीव्हर दस्त्यातच ठेवून, बोल्ट मागे-पुढे करून होतं. ट्रिगर ग्रुपही रोज काढायची गरज नाही.

छप्पन दुकानी
ग्रीस किती हे नाही सांगितलं. भिया, किलोत सांग की चमच्यात.

एरीकाठी
पोह्यांवर जिरावण टाकतात तितकं. रंग दिसला पाहिजे, थर नाही. जास्त ग्रीस दारूची राख धरतं आणि त्याचं पॉलिश पेपर होतं. आणि ओघळून बेडिंगमध्ये गेलं तर पुन्हा तीच कहाणी.

खवचट काकू
छप्पनवर जिरावणाचा थरच देतात. तुम्ही देवास सोडून फार वर्षं झाली वाटतं.

उकळबिंदू
रसायनशास्त्राचा मास्तर म्हणून दोन गोष्टी.

एक. काकांनी थ्री-नॉट-थ्रीचा उल्लेख केला. त्या काळी गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे ना? त्याला कारण होतं. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड उरायचं, म्हणजे मिठाचाच भाऊ. हवेतली ओल ओढतं आणि रातोरात गंज चढवतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी पाणी, मग तेल. नुसतं तेल पुसणाऱ्याची नळी खराब व्हायची, नि त्याला वाटायचं तेल भेसळीचं आहे. आजच्या सामन्यांच्या काडतुसात हा प्रकार नाही, तेव्हा त्या बेड केलेल्या रायफलीत कोणी किटली घेऊन जाऊ नये.

दोन. तांबं काढणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये अमोनिया असतो. नळीत गोळीच्या वेष्टणाचं तांबं चिकटतं, अमोनियाशी त्याचा गडद निळा संयुग बनतो. चिंदी निळी आली म्हणजे नळीत तांबं आहे, असं लोक समजतात आणि निळी थांबेपर्यंत तासन् तास घासतात. पण रॉडच्या टोकाचा जॅग, म्हणजे चिंदी धरणारा भाग, पितळेचा असेल तर पितळेतही तांबं आहेच! चिंदी जॅगमुळे निळी होते, नि बिचारी नळी विनाकारण घासली जाते. परीक्षा नळीत करायची सोय असताना बंदुकीच्या नळीत कशाला?

बडोद्याचा बंडू
मास्तर, हा शेवटचा विनोद दरवर्षी नववीला सांगता ना? खरं बोला.

उकळबिंदू
नववीला आणि अकरावीला. अकरावीत कोणी हसत नाही.

रंधा
मी फर्निचरवाला, बडोद्याचा. बंदुकीतलं कळत नाही, लाकडातलं कळतं. काका, बेडिंगचं एपॉक्सी पुसलंत ते जाऊ द्या, वाळलेलं एपॉक्सी लगेच विरघळत नाही. खरा धोका मागच्या लाकडाला. तेल नि सॉल्व्हंट एपॉक्सी आणि लाकूड यांच्या फटीतून मुरतात, लाकूड आतून मऊ पडतं आणि जोड सुटतो. टेबलाच्या पायात रोज तेल सोडलं तर टेबल डुगडुगणारच.

दस्ता बाहेरून जपायचा असेल तर अळशीचं तेल, उकळवलेलं. कच्चं आठवडाभर वाळत नाही. बोटाने चोळायचं, गरम होईपर्यंत, नि जास्तीचं पुसून टाकायचं. आत, जिथे लाकूड उघडं राहिलंय, तिथेही एक हात, म्हणजे ओल शिरत नाही. आमच्याकडे श्रावणात दारं अडकतात ती याच कारणाने, वरून पॉलिश आणि खालची कड कोरडी.

उकळबिंदू
रंधाभाऊ, एक जोडतो. अळशीच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निघते, बोळ्याच्या पोटात साठते, आणि ते आपोआप पेटतात. काडी लागत नाही. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

रंधा
खरंय. आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा रात्री असंच धुमसलं होतं. भुशाच्या पोत्याशेजारी. तेव्हापासून बोळे दोरीवर वाळतात, धुणं वाळतं तसे.

नेमबाजाची आई
आणि हात धुवा! शिशाची भुकटी असते. मुलीचे कोच सांगतात, सफाईनंतर आधी साबण, मग पोहे. खिडकी उघडी ठेवा, त्या सॉल्व्हंटचा वास डोक्यात जातो.

जुना आर्मरर
सगळं वाचलं. दोनदा वाचलं. सौ.ने पण वाचलं, "नव्याण्णव अनारसे मी करणार नाही" म्हणाली.

एसएलआरचा मुद्दा डोक्यात बसला. सव्वीस वर्षं मी समजत होतो की खोलण्याने हत्यार ओळखीचं होतं. इथे खोलण्याने ते अनोळखी होतंय.

पण एक गोष्ट अजून खुपते. तीन वेळा खोलून साचा एवढा झिजेल का, की सव्वा इंचाचे तीन इंच व्हावेत? एरीकाठी, तुम्हीच म्हणालात, एकदोनदा कळणारही नाही.

एरीकाठी
तेच मीही विचार करत होतो. तीनदात एवढा फरक नाही पडत. पुन्हा बसवल्यावर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, रिसीव्हर आपल्या जागी बसेपर्यंत, ते वेगळं. जावयाने त्या दिवशी किती झाडल्या? आणि एक सांगा काका, शेवटच्या वेळी ट्रिगर गार्ड बंद करताना हाताला कसं लागलं? पहिल्या वेळेसारखंच?

जुना आर्मरर
साठेक झाडल्या असतील, शेवटपर्यंत तसंच.

ट्रिगर गार्डचं विचारलंत म्हणून आठवलं. पहिल्यांदा अंगठ्याने दाबून टक्कन बसला होता. तिसऱ्या वेळी बराच जोर लागला, तळहात लावावा लागला. मला वाटलं, वा, साफ केल्यामुळे आता घट्ट बसतोय.

एरीकाठी
काका!!! सापडलं बहुतेक.

झिजला असता तर उलट सैल लागला असता. पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतोय याचा अर्थ रिसीव्हर खाली पूर्ण टेकलेला नाही. मधे काहीतरी आहे. घट्ट म्हणजे चांगलं असं नसतं, नेहमीसारखं म्हणजे चांगलं. जावयाला सांगा, एकदाच, शेवटचं, खोल आणि विजेरी लावून बेडिंगच्या तळाशी बघ. विशेषतः मागच्या दोन पायांखाली. वाळलेलं ग्रीस, लाकडाची कपची, काहीही.

तोफखाना
माझा अंदाज: कपची. थापा मारून काढली म्हणता ना.

छप्पन दुकानी
माझा अंदाज: शेव.

रंधा
कपची असेल तर कोपऱ्यातली, जिथे एपॉक्सी पातळ असतं. बघा, आणि मिळाली तर फेकू नका, परत चिकटवता येते.

ग्वाल्हेरी ठसका
पण आता जावयाला सांगणार कोण? फोन तर काकूंना येतो.

खवचट काकू
काकूच सांगतील. त्यांना सांगा 'ट्रिगर गार्ड' हा शब्द पाठ करायला.

जुना आर्मरर
तसंच झालं. रविवारी रात्री फोन आला, सौ.ने निरोप दिला. तिने 'ट्रिगर गार्ड'च्या ऐवजी 'टायगर गार्ड' म्हटलं, तिकडे जावई हसला, आणि म्हणाला, बाबांना द्या.

मग व्हिडिओ कॉलवर त्याने माझ्यासमोर खोलली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाड टॉवेल, रायफल उलटी, मॅगझिन काढलेलं, बोल्ट मागे, चेंबर मला दाखवला. ट्रिगर ग्रुप काढला. मग दोन्ही हातांनी दोन्हीकडून सरळ वर, थाप नाही, हिसडा नाही. इथून बघताना मला घाम फुटला होता.

बेडिंगमध्ये विजेरी मारली. करडं, गुळगुळीत. डाव्या पायाच्या जागी एक पुसट निळसर रेघ. त्याने चिमट्याने उचलली. बोटभर लांब, पिळलेली, तेलाने चपटी झालेली. त्याने कॅमेऱ्याजवळ धरली तेव्हा ओळखली. नातवाचा पायजमा. निळ्या फ्लॅनेलवर पांढरे ससे होते. चिंद्या कात्रीने न कापता मी हाताने टराटरा फाडल्या होत्या, कडेचे धागे सुटलेले, त्यातलाच एक आत राहून गेला आणि मी वरून रिसीव्हर आवळून बसवला.

फौजेत कापलेली चिंदी मिळायची, चार बाय दोनची. फाडायची वेळ कधी आली नव्हती.

एरीकाठी
वाह! एका टोकाखाली धागा म्हणजे रिसीव्हर तिरका. दर गोळीला थोडा डुलत असणार, म्हणून ग्रुप उभा. पुन्हा बसवून रेंजवर गेला का?

जुना आर्मरर
गेला, परवा. पहिल्या पाच-सहा गोळ्या भरकटल्या, तुम्ही म्हणालात तशा. मग दहा गोळ्या दीड इंचात. पाव इंच माझ्या थापांचा, असं तो म्हणाला, पण हसून म्हणाला. पिस्टन पुसून कोरडा केलाय. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो की मला एकच काम देणार आहे, बोल्टच्या रोलरमध्ये ग्रीस भरायचं. बाकी कशाला हात नाही.

नेमबाजाची आई
किती बरं वाटलं वाचून. आणि सशांचा पायजमा म्हणजे कळसच.

तोफखाना
बरं, जावयाबद्दलचंही मागे घेतो.

बडोद्याचा बंडू
काका, प्रश्न सुटला. मग धागा बंद करायचा का?

जुना आर्मरर
कुठला? तो जावयाने छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून रायफलीच्या तिजोरीत ठेवलाय. वर चिठ्ठी लावलीये, 'बाबा'.